न वापरलेल्या कार्डाची फी आणि आपली पोरं

आमच्या अभ्यासिकेत बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा आहे. बी.कॉम. झाल्यावर तो पुण्यात एका मोठ्या दुकानात आठ महिने कामाला होता. पगाराचे खाते उघडताना बँकेच्या माणसाने त्याच्या हातात क्रेडिट कार्डही ठेवले. "फ्री आहे, राहू दे" असे सांगितले आणि मोबाईलवर आलेला ओटीपी विचारून तिथेच कार्ड चालू करून दिले. पोराने त्यावर एकदा बूट घेतले, बिल वेळेवर भरले आणि कार्ड पेटीत टाकले. नोकरी सुटली, तो गावी आला, सिमकार्ड बदलले. या पावसाळ्यात कुणीतरी सांगितले म्हणून त्याने आपला क्रेडिट रिपोर्ट काढला, तेव्हा कळले की आपण थकबाकीदार आहोत. थकबाकी बुटांची नव्हती. पहिले वर्ष संपल्यावर कार्डाची वार्षिक फी लागली होती, ती भरली गेली नाही म्हणून तिच्यावर लेट फी बसली, आणि त्या लेट फीच्या पाठीवर पुढच्या महिन्याची लेट फी.

हे आम्ही एका मिटिंगमध्ये सांगितले तेव्हा एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "अहो, गावागावांत अत्याचार चालू आहेत, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, आणि तुम्ही क्रेडिट कार्डाचे काय घेऊन बसलात? हा शहरातल्या मध्यमवर्गाचा प्रश्न आहे." त्यांचा आम्ही आदर करतो. पण हे म्हणणे आम्हाला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सविस्तर सांगण्यासाठीच हा लेख आहे.

पहिली गोष्ट, क्रेडिट कार्ड आता मध्यमवर्गाच्या पाकिटात राहिलेले नाही. २०२४ च्या सुरुवातीला देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. ही सगळी कार्डे काही बंगल्यांत गेलेली नाहीत. कॉल सेंटरमधली मुलगी, दुकानातला सेल्समन, नुकताच भरती झालेला पोलीस शिपाई, कंत्राटी नर्स, कुरिअरच्या गोदामात पॅकिंग करणारा पोरगा, यांच्यापर्यंत ती पोचली आहेत. घरात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार बघणारी ही पिढी आहे. बापाने उसनवारी पाहिली, आजोबाने सावकार पाहिला. स्टेटमेंट, बिलिंग सायकल, मिनिमम ड्यू हे शब्द घरात कुणी शिकवलेले नाहीत. ज्याच्या घरात तीन पिढ्या बँकेत नोकरीला आहेत, त्याला ते जेवणाच्या ताटावर शिकायला मिळतात.

आता फीचे गणित बघू. समजा वार्षिक फी ४९९ रुपये. तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे. ही रक्कम ग्राहकाने काहीही विकत न घेता त्याच्या नावावर पडते. त्याला पत्ताच नसेल तर तारीख टळते आणि लेट फी लागते. लेट फी बँकेगणिक वेगळी असते, आपण ४०० धरू. जीएसटी धरून ४७२. दोन महिने टळले की आकडा दीड हजारावर जातो. ज्या कार्डावर वर्षभरात एक रुपयाचा व्यवहार झाला नाही, त्याचे हे देणे. उद्या वसुलीवाला फोन करून "पैसे खाल्लेस" म्हणून शिव्या घालतो, तेव्हा त्या पोराने काय खाल्ले हे तोही सांगू शकत नाही.

आणि ही फी सगळ्यांना लागते का? नाही. बहुतेक कार्डांवर अट असते की वर्षात अमुक इतका खर्च केला तर फी माफ. कुठे पन्नास हजार, कुठे लाख, कुठे त्याहून जास्त. ज्याच्याकडे पैसा आहे तो महिन्याचा किराणा, पेट्रोल, विमानाचे तिकीट सगळे कार्डावर करतो, त्याची फी माफ होते, वर रिवॉर्ड पॉइंट मिळतात, विमानतळाच्या लाउंजमध्ये फुकट नाश्ता मिळतो. ज्याच्याकडे खर्चायला काही नाही तो फी भरतो. म्हणजे तिला कार्डाची फी म्हणणेही खरे नाही, खर्च न केल्याचा तो दंड आहे. लाउंजमधला नाश्ता फुकट नसतोच. त्याचे पैसे दुकानदाराकडून कापलेल्या कमिशनमधून, व्याजात अडकलेल्यांकडून आणि आमच्या अभ्यासिकेतल्या पोरासारख्यांच्या फीमधून येतात.

सिगालोवाद सुत्तात बुद्धाने गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन कामधंद्याला, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायला. आपल्या विहारांतून ही शिकवण आपण सांगतो. जपून वागणाऱ्या, उधारी टाळणाऱ्या माणसाला धम्म शहाणा म्हणतो आणि बँकेच्या लेखी तोच नुकसानीचा ग्राहक ठरतो. हे उलटे आहे हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

कार्डांच्या पायऱ्या तर बघा. क्लासिक, गोल्ड, प्लॅटिनम आणि त्याच्याही वर आणखी काही. वरच्याला मान आणि माफी, खालच्याला फी आणि अटी. श्रेणीबद्ध विषमता हा शब्द बाबासाहेबांनी जातीच्या उतरंडीसाठी वापरला, तो इथे चिकटवून आम्हाला तुलना ताणायची नाही. कार्डाची पायरी पैशाने चढता येते, जातीची येत नाही. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: खालच्या पायरीवरच्याचे लक्ष वरच्या पायरीकडे लावून ठेवले की तो जिना कुणाच्या खांद्यावर उभा आहे हे बघत नाही. आमचीच काही मंडळी गोल्ड कार्डाचा फोटो स्टेटसला ठेवतात, त्यांना एवढेच सांगणे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. बँक म्हणते, कार्ड छापायला, पाठवायला, खाते सांभाळायला खर्च येतो. तो कुणीतरी द्यावाच लागेल. ठीक आहे. पण वापरात नसलेले कार्ड सांभाळायला दर वर्षी पाचशे रुपये लागतात, असे कुठल्या बँकेने हिशेब मांडून दाखवले आहे? आणि खर्च खरोखर एवढा असेल तर ज्याचे हजार व्यवहार सांभाळावे लागतात त्याला माफी आणि ज्याचा एकही नाही त्याला वसुली, हे कोणत्या हिशेबात बसते? दुसरे म्हणणे, "सही तुम्हीच केली होती." सही केली होती हे खरे. पण ती सही कशावर होती? अटींची पुस्तिका बारीक इंग्रजीत. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत अटी सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असाव्यात असे सांगितले आहे. सगळी मेख त्या 'शक्यतो'मध्ये आहे. महाराष्ट्रात किती जणांना कार्डासोबत मराठीत अटी मिळाल्या, हे वाचकांनी आपापल्या घरात विचारून बघावे.

करारात दोघे समान असतात हे गृहीतकच बाबासाहेबांनी नाकारले होते. 'राज्य आणि अल्पसंख्याक' या १९४७ च्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की पोटाची ददात असलेल्या माणसाला मूलभूत हक्क कागदावर असून उपयोग नाही. नोकरीसाठी तो ते सोडून द्यायला तयार होतो. आणि राज्याने हात काढून घेतला की मिळणारे स्वातंत्र्य जमीनदाराला आणि मालकाला मिळते. म्हणून त्यांनी विम्याचा धंदा राज्याच्याच हातात असावा अशी मागणी घटनेच्या मसुद्यासाठी मांडली होती. ज्याला पगाराचे खाते उघडल्याशिवाय पहिला पगार मिळणार नाही, तो काउंटरवर पुढे सरकवलेल्या प्रत्येक कागदावर सही करतो. त्याला संमती म्हणायचे तर म्हणा.

रिझर्व्ह बँकेचे नाव आले म्हणून एक गोष्ट आपल्याच लोकांसाठी सांगतो. १ एप्रिलला दर वर्षी रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली असे मेसेज फिरतात. ती १९३४ च्या कायद्याने झाली आणि १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. बाबासाहेबांचा वाटा वेगळा आणि आमच्या मते जास्त मोलाचा आहे. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ १९२३ चा, आणि पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. चलनाचे धोरण ठरवताना रुपयाची किंमत स्थिर राहते की नाही, आणि ती घसरली तर मजुरी करणाऱ्याच्या हातात काय उरते, हा त्यांचा प्रश्न होता. फॉरवर्ड करण्यापेक्षा हा प्रश्न आज विचारणे हे जास्त उपयोगाचे. आमच्या पोराच्या हातात काय उरते?

आता नियमांकडे येऊ, कारण नियम आहेत आणि ते वाईट नाहीत. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या त्या निर्देशांप्रमाणे ग्राहकाने न मागितलेले कार्ड देता येत नाही. संमतीशिवाय कार्ड देऊन किंवा चालू करून बिल लावले तर ते रद्द करून वर त्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. कार्ड तीस दिवसांत चालू केले नसेल तर ओटीपी घेऊन पुन्हा संमती मागायची, संमती नाही मिळाली तर सात कामकाजाच्या दिवसांत कोणताही खर्च न लावता ते बंद करायचे. ग्राहकाने बंद करायला सांगितले तर देणी भागवलेली असताना सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचे, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. शाखेत या, टपालाने अर्ज पाठवा असा हट्ट धरता येत नाही. फोन, ईमेल, ॲप, वेबसाइट यांवरून विनंती घ्यावी लागते. फी वाढवायची तर किमान एक महिना आधी कळवायचे, आणि वाढ मान्य नसलेल्या ग्राहकाला जादा पैसे न घेता कार्ड परत करू द्यायचे.

आणि आपल्या विषयाचा नेमका नियम: कार्ड एक वर्षाहून जास्त काळ वापरले नसेल तर बँकेने ग्राहकाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करायची. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर बंद करायचे. मात्र सर्व देणी भरलेली असली पाहिजेत.

या शेवटच्या वाक्यावर थांबा. वर्ष पूर्ण होते तेव्हाच वार्षिक फी लागते. ज्या क्षणी कार्ड आपोआप बंद व्हायला पात्र ठरते, त्याच सुमाराला फीच्या रूपाने त्यावर देणे उभे राहते. देणे आहे म्हणून कार्ड बंद होत नाही. बंद होत नाही म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा फी. मधे लेट फी चालूच. उशिराच्या दिवसाला ५०० रुपयांचा दंडही खात्यावर थकबाकी नसेल तरच लागू. म्हणजे न वापरणाऱ्याला सोडवण्यासाठी केलेला नियम त्याच फीने अडवला जातो. बँकेने मुद्दाम असे केले असे आम्ही म्हणत नाही, पण हे दार उघडे आहे आणि त्याचा फायदा एकाच बाजूला होतो. आमची मागणी साधी आहे. ज्या वर्षात ग्राहकाने स्वतः एकही व्यवहार केला नाही त्या वर्षाची फी आकारता येणार नाही, आणि केवळ फी व दंडातून तयार झालेली रक्कम कार्ड बंद करण्याच्या आड येणार नाही, असे एक कलम रिझर्व्ह बँकेने घालावे. त्याच निर्देशांत न भरलेली फी आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावू नये असे सांगितलेले आहेच. फीच्या पोटातून कर्ज जन्माला येऊ नये हे तत्त्व रिझर्व्ह बँकेला पटलेले आहे. ते पूर्ण करावे, एवढेच.

"पाचशे रुपयांसाठी एवढे?" असे अजूनही कुणाला वाटत असेल तर त्याने सरकारी बँकेच्या भरतीची जाहिरात शेवटपर्यंत वाचावी. स्टेट बँकेच्या जाहिरातींत अट असते की कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची देणी थकवल्याची नोंद आणि सिबिलचा प्रतिकूल अहवाल असलेला उमेदवार नेमणुकीस पात्र नाही. आयबीपीएसच्या जाहिरातीतही रुजू होताना क्रेडिटचा इतिहास चांगला हवा असे असते. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने असाच एका उमेदवाराची स्टेट बँकेतली नेमणूक रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला. त्या प्रकरणातली थकबाकी कशी होती हा वेगळा विषय. आम्हाला तत्त्व बघायचे आहे. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब सांभाळणाऱ्याने स्वतःचा हिशेब नीट ठेवावा, हे मान्य. पण हिशेब नीट ठेवणे म्हणजे काय? कर्ज घेऊन बुडवणारा आणि कार्ड पेटीत ठेवून विसरलेला, दोघांची नोंद रिपोर्टात थकबाकी म्हणूनच होते.

आता हे आरक्षणाशी जोडून बघा. सरकारी बँकांत आपल्याला जागा आहेत, खासगी बँकांत नाहीत. पण क्रेडिट कार्डांच्या धंद्यात मोठा वाटा खासगी बँकांचा आहे. म्हणजे ज्या बँका आमच्या पोरांना आरक्षणाने नोकरी देण्यास बांधील नाहीत, त्यांनी लावलेल्या फीमुळे सरकारी बँकेतली आरक्षित जागा हातची जाऊ शकते. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, जातवैधता प्रमाणपत्र, सगळे पार करून पोरगा कागदपत्र तपासणीला बसतो, आणि तिथे ४९९ रुपयांचे कार्ड निघते. अत्याचाराच्या प्रश्नापुढे हा प्रश्न लहान आहे म्हणणाऱ्या आमच्या ज्येष्ठांना आम्ही हेच सांगितले. ते गप्प झाले नाहीत. म्हणाले, "मग पोरांना कार्ड घेऊ नका म्हणून सांगा." सांगतोच. पण एवढ्याने भागत नाही, कारण पत नसणे हीसुद्धा आज शिक्षा झाली आहे.

आमच्या वस्तीतला एखादा तरुण महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाची बीजभांडवलाची फाईल घेऊन बँकेत जातो तेव्हा काय होते ते कार्यकर्त्यांना सांगायला नको. जामीनदार आणा, जागेचा उतारा आणा, पुढच्या महिन्यात या, साहेब ट्रेनिंगला गेलेत. २०१६ मध्ये स्टँड अप इंडिया योजना आली. प्रत्येक शाखेने अनुसूचित जाती-जमातीच्या किमान एका आणि किमान एका महिला उद्योजकाला दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्ज द्यावे अशी ती योजना. तुमच्या शाखेने कुणाला दिले, एवढे विचारून बघा. पण त्याच तरुणाला क्रेडिट कार्ड द्यायचे असेल तर जामीनदार नको, उतारा नको, शाखेत यायचीही गरज नाही. मॉलच्या दारात टेबल टाकून देतात. धंदा उभा करण्यासाठी लागणारे स्वस्त कर्ज आमच्यासाठी धोक्याचे, आणि महिन्याला साडेतीन टक्क्यांचे, म्हणजे वर्षाला ४२ टक्क्यांचे कर्ज बिनधोक. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्ज देणाऱ्या परवानाधारक सावकाराला वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. बँकांना तो कायदा लागू नाही. सावकार म्हणून आम्ही ज्याला शिव्या घालत आलो, त्याच्यावर निदान कागदावर तरी मर्यादा आहे.

टेबल टाकून बसलेला पोरगाही बहुतेक वेळा आपलाच असतो. महिन्याला इतकी कार्डे विकली नाहीत तर त्याचा पगार कापतात. त्याच्याशी भांडू नका.

कार्डापुरतेच हे थांबत नाही. कमी पैसे असणाऱ्याकडून, कमी पैसे आहेत म्हणून, पैसे घेण्याची बँकांना सवय लागली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी, म्हणजे आपल्या औरंगाबादच्याच मंत्र्यांनी, राज्यसभेत आकडे दिले होते. सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी २०१८ पासून खात्यात किमान रक्कम ठेवली नाही म्हणून सुमारे २१ हजार कोटी, एटीएमच्या जादा व्यवहारांसाठी आठ हजार कोटींच्या वर, आणि एसएमएससाठी सहा हजार कोटींच्या वर रुपये ग्राहकांकडून घेतले. एकूण पस्तीस हजार कोटी. किमान रक्कम कुणाच्या खात्यात नसते? अंबानींच्या खात्यात नसते का?

पुढचा मासला तर गरिबांसाठीच उघडलेल्या खात्यांचा आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांनी अभ्यास करून दाखवले की स्टेट बँकेने २०१५ ते २०२० या काळात सुमारे बारा कोटी मूलभूत बचत खात्यांतून तीनशे कोटींहून जास्त रुपये काढले. महिन्यात चारपेक्षा जास्त वेळा पैसे काढले किंवा पाठवले की प्रत्येक वेळी १७ रुपये ७० पैसे. यात यूपीआयने पाठवलेले पैसेही धरले. डिजिटल व्हा असे पंतप्रधान सांगत होते आणि जनधनवाल्या बाईने यूपीआयने पन्नास रुपये पाठवले की तिचे पावणेअठरा जात होते. पुढे प्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२० मध्ये बँकांना त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून घेतलेले असे पैसे परत करायला सांगितले. स्टेट बँकेने सुमारे ९० कोटी परत केले, पण त्याआधीच्या काळातले १६४ कोटी परत केले नाहीत, असे दास यांच्या नंतरच्या अहवालात होते. हे सगळे बाहेर आले ते एका प्राध्यापकाने चिकाटीने हिशेब मागितला म्हणून. आपल्या चळवळीत अर्थशास्त्रात पीएच.डी. करणारी मुले-मुली आहेत, त्यांनी हे काम अंगावर घ्यावे असे आम्हाला मनापासून वाटते.

उलट उदाहरणही आहे. मार्च २०२० मध्ये स्टेट बँकेने किमान रकमेचा दंड बंद केला. २०२५ च्या मध्यात कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन बँक, बँक ऑफ बडोदा यांनीही केला. बँका काही बुडाल्या नाहीत. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी किमान रक्कम ५० हजार केली, ओरड झाल्यावर काही दिवसांत ती १५ हजारांवर आणली. ओरडल्याने फरक पडतो. ओरडणारे कोण होते ते मात्र बघा. ते महानगरातले, ट्विटरवरचे लोक होते. आमचा आवाज तिथे नव्हता.

बलुतेदारीत आमच्या आजोबा-पणजोबांनी सेवा दिली आणि मोबदला गावाच्या मर्जीवर राहिला. महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, त्यामागे हाच प्रश्न होता. सरकार आणि गाव चोवीस तास राबवून घेते, त्याचा पगार कुठे आहे? आज उलट झाले आहे. सेवा घेतलेलीच नाही आणि मोबदला सक्तीने द्यायचा. दोन्ही वेळी देणारा तोच.

आता काय करायचे ते सांगतो, कारण नुसते लिहून आमचे समाधान होत नाही. आम्ही दोन रविवार विहारात टेबल टाकले. पोस्टर लावले नाही, फक्त सांगितले की पेटीतली कार्डे घेऊन या. पहिल्या रविवारी सात जण आले, दुसऱ्या रविवारी एकवीस. चार जणांना आपल्या नावावर दोन कार्डे आहेत हे तिथे कळले. एका ताईंचे तर डेबिट कार्ड निघाले, वर्षाला अडीचशे अधिक जीएसटी कापला जात होता आणि त्यांनी ते एकदाही मशीनमध्ये घातले नव्हते. त्या सही करतात, पिन टाकायला त्यांना भीती वाटते. त्यांचे साधे खाते मूलभूत बचत खात्यात बदलून घ्यायचा अर्ज आम्ही शाखेत दिला. तिथे कार्ड फुकट असते आणि किमान रकमेची अट नसते. शाखेतल्या मॅडम आधी "असे खाते नसते" म्हणाल्या, मग साहेबांना विचारून आल्या आणि अर्ज घेतला.

काम अवघड नाही. आधी क्रेडिट रिपोर्ट काढा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो, त्यासाठी पैसे मागणाऱ्या ॲपच्या नादाला लागू नका. नको असलेले कार्ड ईमेलने बंद करायला सांगा, म्हणजे तारीख हातात राहते. फोनवर "सर, फी माफ करतो, कार्ड ठेवा" असे म्हणतील. या वर्षी माफ करतील, पुढच्या वर्षी पुन्हा लावतील. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा पटणारे दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. ऑनलाइन करता येते, पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, आणि १४४४८ या क्रमांकावर विचारता येते. रिपोर्टमधली चुकीची नोंद तक्रारीनंतर तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे, तोही अर्जात लिहा. शिष्यवृत्तीच्या खात्यांचेही विचारा. शिष्यवृत्ती किंवा सरकारी लाभासाठी शून्य शिलकीवर उघडलेले खाते दोन वर्षे व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय ठरवता येत नाही, असा नियम १ एप्रिल २०२४ पासून आहे. महाडीबीटीचे पैसे दोन-दोन वर्षे उशिरा येतात, तेव्हा हा नियम आपल्यासाठीच आहे. शाखेत तो माहीत नसतो. आपल्याला माहीत असायला हवा.

नोकरी सोडणाऱ्या पोरापोरींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पगाराचे खाते पगार बंद झाल्यावर साधे खाते होते आणि किमान रकमेची अट लागू होते. राजीनामा देताना जसा अनुभवाचा दाखला मागता तसे खाते आणि कार्ड दोन्ही बंद करून या. आणि मोबाईल नंबर बदलला तर आधी बँकेत कळवा. आमच्या पोराची पहिली चूक हीच होती आणि ती त्याची स्वतःची होती.

त्याचे काय झाले ते सांगायचे राहिले. पहिल्या ईमेलला बँकेने ठरावीक उत्तर पाठवले. दुसऱ्या ईमेलमध्ये आम्ही वर्षभर व्यवहार नसलेल्या कार्डाचा नियम लिहिला आणि विचारले की कार्ड बंद करण्याची सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या पत्त्यावर पाठवली. त्या प्रश्नाला उत्तर आले नाही, पण नऊ दिवसांनी फी आणि लेट फी दोन्ही रद्द केल्याचा मेसेज आला. कार्ड बंद झाले. रिपोर्टमधली थकबाकीची नोंद अजून तशीच आहे. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे, तीस दिवस येत्या मंगळवारी पूर्ण होतात. मुख्य परीक्षा त्याच महिन्यात आहे. या रविवारी सकाळी अकराला पुन्हा विहारात टेबल आहे. येताना कार्ड, आधारला जोडलेला मोबाईल आणि जुनी स्टेटमेंट घेऊन या.